मातीखालचे घर

सिडनी हे ऑस्ट्रेलियातील एक मोठे शहर आहे. या शहराच्या पश्चिमेला सुमारे सत्तावीस किलोमीटरवर वेंटवर्थव्हिल नावाचे उपनगर आहे. नाव जरा लांबलचक वाटते ना? डार्सी वेंटवर्थ नावाच्या एका आयरिश डॉक्टरांच्या घराण्यावरून ते पडले. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी सरकारने त्यांना या भागात मोठी जमीन दिली होती. त्याच्याही आधी हजारो वर्षांपासून येथे दारूग नावाचे आदिवासी लोक राहत आले. १८८३ साली येथे रेल्वेचे स्थानक झाले. पुढे शेते आणि फळबागा कमी होत गेल्या व घरे वाढत गेली. आज या उपनगरात भारतातून गेलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

मुलांनो, अशाच एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू या. त्यांनी वेंटवर्थव्हिलमध्ये एक जागा घेतली. त्या जागेवर पूर्वी लाकडी फळ्यांचे एक जुने घर होते. ते पाडून पुढच्या बाजूला नवे घर बांधले गेले. मागे मोकळे परसू राहिले. परसात लिंबाचे एक म्हातारे झाड होते आणि बाकी सगळे गवत.

घरात चौथीत शिकणारी एक मुलगी होती. साताऱ्याहून तिचे आजोबा सहा महिन्यांसाठी आले होते. एके दिवशी शेजारच्या गृहस्थांनी त्यांना एक यंत्र वापरायला दिले. लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटलीसारखे कडे आणि वरच्या बाजूला एक छोटी पेटी, असे ते यंत्र होते.

"आजोबा, हे काय हो?" मुलीने विचारले.

"याला धातुशोधक यंत्र म्हणतात. मेटल डिटेक्टर. विमानतळावर आपल्या अंगावरून फिरवतात ना, त्याचाच हा भाऊ. जमिनीत धातूची वस्तू असेल, तर हे यंत्र आवाज करते."

"मग आपल्याला सोन्याचा हंडा सापडेल?"

आजोबा हसले. म्हणाले, "हंडा सापडेल की नाही, सांगता येत नाही. पण इथे राहून गेलेली माणसे सापडतील."

माणसे कशी सापडतील? ते समजण्यासाठी आधी हे यंत्र कसे चालते ते पाहू. यंत्राच्या टोकाला असलेल्या कड्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून विजेचा प्रवाह सोडतात. हा प्रवाह सतत उलटसुलट होत असतो. त्यामुळे गुंडाळीभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीत शिरते. वाटेत नाणे, खिळा किंवा किल्ली आली, की त्या धातूमध्ये विजेचे छोटे छोटे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात. या भोवऱ्यांमुळे त्या वस्तूभोवतीही एक क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. यंत्र ते ओळखते आणि 'टूं' असा आवाज करते. डोंगरासमोर हाक मारली, की हाक परत येते. तसेच काहीसे हे आहे.

पण या यंत्राला सगळेच कळत नाही. माती, लाकूड, काच, हाड, चिनी मातीची बशी यांची त्याला दादच नसते. लहान नाणे वीतभर खोल असले, तर सापडते. फार खोल असले, तर सापडत नाही. शिवाय खाली सोन्याची अंगठी आहे की बाटलीचे बूच, हे यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. वस्तू ओळखण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते.

असे यंत्र पहिल्यांदा कोणी वापरले असेल? टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तुम्हांला माहीत आहेत. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात कोठे अडकली आहे, हे डॉक्टरांना कळेना. बेल यांनी ती शोधण्यासाठी असे एक यंत्र बनवले. त्या वेळी त्यांना यश आले नाही. पण धातू न पाहता शोधता येतो, ही कल्पना पुढे वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी अशी यंत्रे वापरली गेली. त्यामुळे अनेक सैनिकांचे प्राण वाचले.

आता आपण परसात परत जाऊ. आजोबांनी आधी यंत्र हातात घेतलेच नाही. त्यांनी मुलीला एक वही, पेन्सिल आणि मोजपट्टी आणायला सांगितली. वहीत दोघांनी परसाचा नकाशा काढला. नव्या घराचे दोन कोपरे त्यांनी खुणेसाठी धरले. एका कोपऱ्याला 'क' म्हटले, दुसऱ्याला 'ख'. प्रत्येक वस्तू 'क'पासून किती अंतरावर व 'ख'पासून किती अंतरावर सापडली, हे लिहायचे ठरले. दोन अंतरे माहीत असली, की ती जागा नकाशावर नेमकी दाखवता येते. किती खोल सापडली, तेही लिहायचे. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात ठेवून त्यावर क्रमांक घालायचा.

"एवढे कशाला लिहायचे, आजोबा? वस्तू तर आपल्याकडेच राहणार ना?"

"वस्तू राहील, पण ती कोठे होती ते आपण विसरू. वस्तू म्हणजे एक शब्द. ती जागा म्हणजे वाक्य. वाक्यातून शब्द काढून घेतला, की त्याचा अर्थ निम्मा होतो."

पहिला आवाज आला तो गवताच्या अगदी खाली. तेथे पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी निघाली. ओढून काढायच्या अशा कड्यांचे डबे १९६० नंतरच्या काळात आले. म्हणजे ही वस्तू फार जुनी नव्हती. त्याच्याजवळच तांबूस रंगाचे एक छोटे नाणे निघाले. त्यावर गळ्याभोवती झालर असलेला सरडा होता. हे ऑस्ट्रेलियाचे दोन सेंटचे नाणे. ऑस्ट्रेलियात १४ फेब्रुवारी १९६६ रोजी डॉलर आणि सेंट सुरू झाले. त्यामुळे सेंटचे कोणतेही नाणे त्याआधी जमिनीत पडलेले असूच शकत नाही. १९९२ पासून एक आणि दोन सेंटची नाणी व्यवहारातून काढून घेण्यात आली.

नाण्यावर वर्ष असते म्हणून त्याचा काळ सहज कळतो, असे आपल्याला वाटते. पण येथे एक गंमत आहे. समजा, तुमच्या आजीने जपून ठेवलेला १९१८ सालचा चांदीचा रुपया आज तुमच्या हातून अंगणात पडला. शंभर वर्षांनी तो कोणाला सापडला. तो माणूस म्हणेल, 'हा १९१८ साली पडला.' ते चूक ठरेल. नाणे एवढेच सांगते, की ते १९१८ पूर्वी पडलेले नाही. म्हणून एकाच थरात पुष्कळ वस्तू सापडल्या, तर त्यांतली सर्वांत नवी वस्तू शोधायची. तो थर तिच्याहून जुना असू शकत नाही. जमिनीत खोदकाम करून इतिहास शोधणारे लोक हाच नियम वापरतात.

नंतर यंत्र एका ओळीत आवाज करू लागले. एक खिळा, दुसरा खिळा, तिसरा खिळा. मुलगी कंटाळली. "नुसते खिळेच निघतात," ती म्हणाली. पण आजोबा खूश झाले. त्यांनी खिळे निघालेल्या जागा नकाशावर टिंबांनी दाखवल्या. टिंबे जोडल्यावर एक सरळ रेषा झाली. पुढे ती काटकोनात वळली.

"बघ, ही जुन्या घराची भिंत. लाकूड कुजून गेले, पण खिळे जागेवर राहिले."

खिळासुद्धा आपले वय सांगतो. फार जुने खिळे लोहार एकेक करून ठोकून बनवत. त्यांचे डोके हातोड्याच्या घावांनी ओबडधोबड झालेले असते आणि अंग चौकोनी असते. त्यानंतर यंत्राने लोखंडी पत्र्यातून कापलेले खिळे आले. तेही चौकोनीच, पण सगळे सारखे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तारेपासून केलेले गोल खिळे सगळीकडे वापरात आले. आपण आज वापरतो ते हेच. परसात निघालेले सर्व खिळे गोल होते. म्हणजे हे घर साधारण शंभर-सव्वाशे वर्षांहून जुने नसावे, असा अंदाज करता आला.

धातू जमिनीत राहिल्यावर त्याचे रूप बदलते. लोखंडाला तांबडा गंज चढतो. तो फुगतो आणि वस्तू ओळखू येईनाशी होते. तांबे आणि पितळ हिरवे पडतात. आपल्याकडे पितळेचे भांडे कळकले, की त्यात आंबट पदार्थ ठेवत नाहीत. म्हणूनच तर त्याला आतून कल्हई करतात. जमिनीत पडलेल्या पितळेवर चढतो तो याच जातीचा हिरवा कळंक. चांदी काळवंडते. शिशावर पांढुरकी साय येते. सोने मात्र जसेच्या तसे राहते. मातीने माखलेली वस्तू हिरवी दिसली, तर ती तांब्याची किंवा पितळेची आणि तांबडी फुगलेली दिसली, तर लोखंडाची, असे पटकन ओळखता येते.

दोरी बांधून कपडे वाळत घालण्याची जागा जुन्या घरांत बहुधा मागच्या बाजूला असे. आजोबांना लिंबाच्या झाडापाशी एक जुना खांब दिसला. तेथे यंत्राने पुष्कळ आवाज दिले. पितळेची दोन बटणे निघाली. एक बक्कल निघाले. कपडे झटकताना खिशातल्या वस्तू आणि तुटलेली बटणे खाली पडत. ती कोणी शोधत बसत नसे. भिंतीच्या रेषेच्या आतल्या बाजूला एक छोटी टोपी निघाली. तिच्यावर बारीक बारीक खळगे होते.

"ही बाहुलीची टोपी असेल!" मुलगी म्हणाली.

"नाही बाळ. हे अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात. तुझ्या पणजीकडेही होते. येथे खिडकीपाशी बसून कोणीतरी बाई शिवत असेल."

त्याच्या शेजारीच शिशाचा एक इवलासा सैनिक निघाला. त्याचा एक हात मोडलेला होता. आजोबांनी तो पाकिटात ठेवला आणि मुलीला लगेच हात धुवायला लावले. शिसे विषारी असते. पूर्वी लोकांना हे नीट माहीत नव्हते, म्हणून मुलांची खेळणीही त्याची करत. तो मोडका सैनिक पाहून मुलगी बराच वेळ गप्प राहिली. येथे आपल्याएवढेच एखादे मूल खेळत असेल, हा विचार तिच्या मनात प्रथमच आला.

परसात एका ठिकाणी राखाडी रंगाच्या पातळ पत्र्याचे तुकडे पडलेले होते. आजोबांनी तेथे कोणालाही जाऊ दिले नाही. पूर्वी सिडनीच्या पश्चिम भागात पुष्कळ घरांच्या भिंतींना ॲस्बेस्टॉस मिसळलेले सिमेंटचे पत्रे लावत. ते फुटले, की डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू हवेत उडतात. श्वासावाटे ते छातीत गेले, तर अनेक वर्षांनी गंभीर आजार होतो. म्हणून ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी आहे. असे तुकडे काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांनीच करायचे असते. जुन्या घराच्या जागी मोठ्या माणसांशिवाय कधीही जाऊ नये, ते यासाठीच.

तिसऱ्या दिवशी एक मोठे, गोल, हिरवे पडलेले नाणे सापडले. त्यावर काहीच वाचता येईना. मुलगी धावत स्वयंपाकघरात गेली आणि चिंचेचा कोळ घेऊन आली. आजी तांब्याचा हंडा चिंचेने घासते, हे तिने पाहिले होते.

"थांब!" आजोबा म्हणाले. "हंड्याला चिंच चालते, कारण हंड्यावर काही लिहिलेले नसते. चिंचेतले आम्ल कळंकाबरोबर धातूचा वरचा थरही खाते. नाण्यावरची अक्षरे त्या थरातच असतात. ती एकदा गेली, की परत आणता येत नाहीत."

मग त्यांनी नाणे साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवले. रोज पाणी बदलले. चार दिवसांनी मऊ कुंचल्याने हलकेच माती काढली आणि नाणे सावलीत वाळवले. घासले मुळीच नाही. भिंगातून पाहिल्यावर एका बाजूला उडी मारणारा कांगारू दिसला. दुसऱ्या बाजूला राजाचे डोके होते. वर्ष होते १९४३.

ती ऑस्ट्रेलियाची जुनी पेनी होती. डॉलर येण्यापूर्वी ऑस्ट्रेलियात पाउंड, शिलिंग आणि पेनी चालत. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पाउंड होई. आपल्याकडे पूर्वी सोळा आण्यांचा रुपया होता, तसाच हा हिशोब. १९३८ पासूनच्या पेनीवर कांगारू असे. पेनी सुमारे एकतीस मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यात बहुतेक तांबे असते.

मुलगी भिंगातून पाहत होती. एकाएकी ती ओरडली, "आजोबा, राजाच्या डोक्याखाली एक छोटीशी उभी रेघ आहे!"

आजोबांनी पाहिले. ती रेघ नव्हती. ते 'आय' हे इंग्रजी अक्षर होते. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हे नाणे मुंबईचे आहे!"

आजोबा खरे तेच सांगत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियाला नाणी पुरेनाशी झाली. तेव्हा १९४२ आणि १९४३ या वर्षांच्या काही पेनी आणि अर्ध्या पेनी मुंबईच्या टांकसाळीत पाडण्यात आल्या. ही टांकसाळ मुंबईच्या फोर्ट भागात आजही आहे. मुंबईत पाडलेल्या त्या नाण्यांवर, राजाच्या डोक्याखाली, इंडिया या शब्दाचे पहिले अक्षर 'आय' बारीक आकारात घातले. नाणे चिंचेने घासले असते, तर हे अक्षर कदाचित कायमचे पुसले गेले असते. मग मुंबईहून समुद्रापार गेलेली ती पेनी मुकीच राहिली असती.

भारताचे आणि त्या भागाचे नाते याहूनही जुने आहे. इंग्रजांनी १७८८ साली सिडनीला वसाहत केली. सुरुवातीला तेथे स्वतःची नाणीच नव्हती. जहाजांबरोबर जी नाणी येत, ती चालत. १८०० साली गव्हर्नर किंग यांनी कोणत्या नाण्याची किंमत किती, हे जाहीर केले. त्या यादीत आपला रुपया होता, सोन्याची मोहोर होती आणि दक्षिणेतला होनही होता. एका रुपयाला अडीच शिलिंग असा भाव ठरला होता. पुढे गव्हर्नर मॅक्वारी यांनी मद्रासहून स्पेनची चाळीस हजार चांदीची नाणी मागवली. ती पुन्हा बाहेर जाऊ नयेत, म्हणून प्रत्येकाला मध्यभागी भोक पाडले. कड्याचे एक नाणे झाले आणि मधल्या चकतीचे दुसरे. त्यांवर १८१३ हे साल घातले. ऑस्ट्रेलियातील पहिली स्वतःची नाणी ती हीच.

पेनी सापडल्यावर मुलीचा उत्साह वाढला. परसाच्या कोपऱ्यात यंत्राने खूप मोठा आवाज दिला. आजोबांनी हळूहळू माती बाजूला केली. वीतभर खाली विटांची नीट रचलेली एक रांग दिसली. तिच्याजवळ काळी माती आणि राख होती. आजोबांनी खुरपे खाली ठेवले.

"पुढे खणा ना, आजोबा! खाली काय आहे ते बघू."

"नाही. सुटी वस्तू काढणे वेगळे आणि बांधकाम उकरणे वेगळे. ही चूल किंवा धुराडे असेल. कदाचित त्या घराच्याही आधीचे काही असेल. आपल्याला ते वाचता येत नाही. जे वाचता येत नाही, ते फाडू नये."

मुलगी हिरमुसली. तरी तिने विटांचे छायाचित्र घेतले आणि नकाशावर जागा दाखवली. दोघांनी माती पुन्हा हळुवार लोटली. वडिलांनी ही गोष्ट तेथील नगरपरिषदेला कळवायचे ठरवले.

आजोबांनी केले ते बरोबर होते का? एक खरी गोष्ट पाहू. वेंटवर्थव्हिलच्या जवळच पॅरामॅटा नावाचे गाव आहे. १७९० साली तेथे एक लांब रस्ता आखून कैद्यांसाठी झोपड्या बांधल्या गेल्या. त्या काळी इंग्लंडमधून कैद्यांना शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियात पाठवत. त्यातल्या कित्येकांचे गुन्हे अगदी किरकोळ असत. एकेक झोपडी चोवीस फूट लांब आणि बारा फूट रुंद होती. तिच्यात दोन खोल्या असत आणि दहा माणसे राहत. भिंती कशाच्या होत्या? आपल्या कोकणात असतात, तशाच कुडाच्या! काठ्या विणून त्यावर चिखल लिंपलेला. वर गवताचे छप्पर. अशा झोपडीचे पुढे काय उरणार? उरतात ती फक्त खांब रोवलेल्या खड्ड्यांची मातीतली वर्तुळे. तेथील माती थोडी वेगळ्या रंगाची असते. संशोधकांनी पॅरामॅटात अशा झोपड्यांच्या खुणा शोधून काढल्या आहेत. कोणी घाईने एखादे नाणे मिळवण्यासाठी तेथे खड्डा केला असता, तर ती वर्तुळे नाहीशी झाली असती. त्या झोपड्यांत राहणाऱ्या बहुतेक माणसांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवले नाही. माती हीच त्यांची वही आहे.

आपल्याकडेही असेच घडले आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे तेथे सावकाश उत्खनन केले. जमिनीच्या सारवणावरून, चुलींवरून आणि खांबांच्या खड्ड्यांवरून त्यांना तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे ओळखता आली. लोक काय पिकवत आणि काय खात, तेही कळले.

याच्या उलट दायमाबादचे पाहा. हे गाव प्रवरा नदीच्या काठी आहे. १९७४ साली एका शेतकऱ्याला तेथे झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार सुंदर वस्तू सापडल्या. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरले. पण त्या जमिनीच्या कोणत्या थरात होत्या, हे त्या वेळी कोणी नोंदवले नव्हते. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाला. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नव्हता. पण वस्तू मिळूनही तिचे वाक्य हरवले.

आणखी एक गोष्ट इंग्लंडमधली आहे. १९९२ साली हॉक्सन या खेड्यात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचे मित्र एरिक लॉज धातुशोधक यंत्र घेऊन तो शोधायला गेले. हातोड्याऐवजी त्यांना सोन्याचांदीची नाणी आणि चमचे दिसू लागले. लॉज यांनी मोह आवरला. खणणे थांबवून त्यांनी लगेच कळवले. संशोधक आले. त्यांनी सर्व वस्तू जागच्या जागी नोंदवून बाहेर काढल्या. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी निघाली! वस्तू लाकडी पेटीत कशा रचल्या होत्या, हेही त्यांना सांगता आले. लॉज यांना मोठे बक्षीस मिळाले. हातोडाही सापडला. आता तो त्या खजिन्याबरोबर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

जमिनीतील जुन्या वस्तूंसाठी कायदेही आहेत. सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साउथ वेल्समध्ये १९७७ सालचा वारसा कायदा आहे. महत्त्वाचे अवशेष सापडले, तर ते सरकारला कळवावे लागते. आदिवासींच्या वस्तूंनाही तेथे कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या देशात १८७८ सालापासून एक कायदा आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते. संरक्षित किल्ले, लेणी आणि पांढरीची टेकाडे येथे परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे.

संध्याकाळी मुलीने सगळी पाकिटे ओट्यावर मांडली. खिळे, बटणे, अंगुस्तान, शिशाचा सैनिक आणि मुंबईची पेनी. बाजारात त्यांची फारशी किंमत आली नसती. तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले: 'येथे लाकडी घर होते. घरात शिवणकाम करणारे कोणी होते. एक मूल होते. त्याचा सैनिक मोडला होता. विटांखाली काय आहे, ते मी पाहिले नाही. ते तसेच आहे.'

आजोबांनी ते वाचले आणि वही तिच्या हातात परत दिली. "आता ही वही जपून ठेव," ते म्हणाले. "उद्या येथे कोणी आले, तर त्यांना ती लागेल."

स्वाध्याय

१. धातुशोधक यंत्राला कोणत्या वस्तू सापडतात? कोणत्या सापडत नाहीत?
२. खिळे निघाल्यावर आजोबा खूश का झाले?
३. आजोबांनी मुलीला नाणे चिंचेने का घासू दिले नाही?
४. 'वस्तू म्हणजे शब्द, जागा म्हणजे वाक्य' याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. विटांची रांग दिसल्यावर तुम्ही काय केले असते? का?

उपक्रम: घरातील मोठ्या माणसांना विचारून एखादी जुनी वस्तू पाहा. ती कशाची आहे, कोणी वापरली व कोठे ठेवलेली होती, ते वहीत लिहा. वस्तू घासू नका.